प्रभारी कण

गुरुवारी सकाळी दहा चाळीसच्या टोलाला फिरोज तांबोळी दक्षिणेकडच्या भिंतीला टेकला आणि नियमाप्रमाणे भिंतीत शोषला गेला.

कोपरा क्रमांक सत्तेचाळीसवर बसलेल्या घैसासकाकांनी मान वर न करता त्याच्या नावापुढे 'शोषित' असा शिक्का मारला. आठवड्यातला हा पाचवा. भिंतीचा चुना जरासा ओलावला, फिरोजचा चष्मा बाहेरच राहिला, आणि तो खाली पडायच्या आत शलाका बोरकुटेने झेलला. ती भिंतीपासून तीन फुटांवर उभी होती.

"लागलं का रे?"

"नाही. गार आहे," भिंतीतून फिरोज म्हणाला. "पण नाक खाजतंय, आणि दोन्ही हात आत गेलेत."

शलाकाने वाकून हात लांब केला आणि चुन्यावर नख घासलं. "इथे?"

"वर. अजून वर. अगं, ते कपाळ झालं. तुला इंजिनिअरिंगला घेतलं कोणी?"

"घेतलं होतं. मीच सोडलं."

तिने चष्मा खिशात ठेवला आणि हिशोब केला. पुढच्या फेरीत, सातव्या टोलाला, ती याच भिंतीला टेकणार होती. घंटेचा टोल दर पाच मिनिटांनी पडे. म्हणजे सव्वाअकरा.

केंद्राचं काम तसं साधं होतं. सूर्यात जी आग आहे ती दूरच्या एका संलयन भट्टीत पेटवायची होती, आणि पेटवण्याआधी तिच्यातला प्लाझ्मा कसा वागेल ते मोजून द्यायचं होतं. प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू, की त्याच्या अणूंचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर विद्युत प्रभार येतो. बाकी जगात ही मोजणी गणकयंत्रं करतात. इथे ती माणसांकडून करून घेत, कारण माणसं आधीच कामावर होती.

खऱ्या भट्टीतले कण मोजण्यापलीकडचे. शेडमध्ये चारशे माणसं मावत. म्हणून एकेका माणसाने शंभर कोटी कणांच्या वतीने उभं राहायचं, असं ठरलं. शलाका तीनशे बारा क्रमांकाची. तिचं तापमान दहा कोटी अंश होतं आणि तसं तिच्या ओळखपत्रावर, रक्तगटाच्या खाली, छापलेलं होतं.

शेडची जमीन सहा बाय सहा फुटांच्या करड्या फरश्यांची होती. चार फरश्या जिथे मिळतात त्या प्रत्येक कोपऱ्यावर एक खुर्ची, आणि खुर्चीवर एक ज्येष्ठ. कण हलतात, कोपरे हलत नाहीत, म्हणून कोपऱ्यांवर ज्येष्ठांची नेमणूक करणं सगळ्यांना रास्त वाटलं होतं. टोल पडायच्या आधी प्रत्येक कणाने आपल्या फरशीच्या चारही कोपऱ्यांना ओरडून आपला प्रभार सांगायचा. जो कोपरा जवळ त्याला जास्त वाटा, जो लांब त्याला कमी. कोपरे बेरीज करायचे, शेजारच्या कोपऱ्यांशी ताळा जमवायचे आणि कणाला चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठीत दोन गोष्टी असत. किती फूट जायचं ते, आणि चुंबकाचं वळण. वळण नेहमी उजवीकडे, वर्तुळाचा आठवा हिस्सा. म्हणून प्रत्येक जण आठ टोलांत एक फेरी पूर्ण करून जवळपास होता तिथे परत येई. टोल पडला की पाय चालत. चिठ्ठी वाचली तरी चालत, न वाचली तरी चालत. एकाने बूट फरशीला खिळ्यांनी ठोकून पाहिले होते. बूट तिथेच राहिले.

पाळी संपत नसे, कारण प्लाझ्मा घरी जात नाही. शलाका तीन महिने आत होती.

रुजू झाली तेव्हा तिची एका टोलाची चाल सहा फूट होती. आता ती पंधरा फुटांवर गेली होती. सगळ्यांचीच वाढली होती. खऱ्या भट्टीने दोनदा पत्र पाठवून कळवलं की, तुमचा प्लाझ्मा तापतोय, आमचा तापत नाही. संचालकांनी उलट टपाली भट्टीला आपली चूक सुधारायला सांगितलं होतं.

"काका," शलाका घैसासांना म्हणाली, "फिरोजच्या चिठ्ठीत बारा पूर्णांक सात दशांशचे तुम्ही तेरा केलेत. मी बघितलं."

"पूर्ण आकडा बरा असतो," काका म्हणाले. ते एका सहकारी बँकेतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाला चार पेनं होती. "दशांश म्हणजे मनाचा कच्चेपणा. आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळचं राहू द्या. तुमच्या त्या तीन दशांशांनी फिरोज भिंतीत गेला."

"भिंतीला गेलेला माणूस वाया जात नाही. त्याची नोंद होते."

"आणि फरशी? कणाची ओढ शेजारी कुठवर पोचते, तर जेमतेम एक फूट. तुमची फरशी सहा फुटांची. आत आम्ही एकमेकांना काय करतोय ते कोपऱ्याला कळतच नाही, नुसती सरासरी कळते. आणि त्या सरासरीवर तुम्ही चिठ्ठ्या देता. त्यानेच सगळे फुकटचे तापतायत. फरशी एका फुटाची करा, एवढंच म्हणतेय मी."

"एक फुटाच्या फरशीला कोपरे किती लागतील, माहितेय? चौदा-पंधरा हजार. एवढे ज्येष्ठ आणायचे कुठून?"

"ज्येष्ठांची कमी आहे होय या देशात?"

काकांनी पेन बदललं. "मुली, ही फरशी मंजूर फरशी आहे. मंजूर फरशीला मोठं म्हणणं हे आगाऊपण आहे. मागे तू खडूने लहान चौकोन आखलेस, तेव्हा तुला समज दिली होती."

दिली होती, लेखी. 'फरशीचे विद्रूपीकरण' असा मथळा होता. शलाकाला त्यात काही नवीन नव्हतं. तिसऱ्या वर्षाला असताना फळ्यावरचं समीकरण चुकलंय असं तिने प्राध्यापकांना सांगितलं होतं. ते म्हणाले, मी वीस वर्षं हेच शिकवतोय. ती म्हणाली, म्हणजे वीस वर्षं चुकतंय. त्यानंतर त्या कॉलेजात दोघांपैकी एकालाच राहता आलं, आणि ज्याला पगार होता तो राहिला.

टोल पडला. शलाकाचे पाय उजवीकडे वळले आणि वायव्येला पंधरा फूट गेले. सहा टोल उरले.

तिथे निरीक्षक देवस्थळे सर चहाचा कप घेऊन उभे होते. केंद्रात त्यांचं पद 'उदासीन' असं होतं. त्यांच्यावर धन प्रभार नव्हता आणि ऋणही नव्हता. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाचीही बाजू घेतली नव्हती, आणि तीन संचालकांनी त्यांच्या गोपनीय अहवालात याची प्रशंसा केली होती. मे महिन्यातही ते हातविणीचा स्वेटर घालत. शेडमध्ये हवं तिथे, हवं तेव्हा, सरळ रेषेत हिंडणारा तो एकटाच माणूस होता. कागद इकडून तिकडे तेच पोचवत.

"सर, मी सव्वाअकराला भिंतीत जाणार."

"अरे वा. वेळ नक्की कळली हे बरं."

"सर, फरशी मोठी आहे."

"असं एक मत आहे खरं." सरांनी चहाचा घोट घेतला. "दुसरं मत असं, की ती मोठी नाही."

"आणि तुमचं?"

"मी दोन्ही मतं पोचवतो."

एवढं बोलून ते निघाले. शलाका बघत राहिली. आजूबाजूला सगळे जण टोलाची वाट बघत खांबासारखे उभे, आणि हा माणूस त्यांच्यामधून बागेत आल्यासारखा चाललाय. चिठ्ठी नाही, वळण नाही. ज्याच्याजवळ प्रभार नाही, त्याला ढकलणार कोण?

तिने बॅगेतून आपला नेमणुकीचा आदेश काढला.

त्या आदेशात एक जुनी चूक होती. मूळ इंग्रजी अहवालात कणांना विद्युतभारित म्हटलेलं होतं. आस्थापना विभागाच्या भाषांतरात ते 'प्रभारी कण' झाले. आणि प्रभारी म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप आलं. प्रभारी म्हणजे तात्पुरता, कायम कणांची भरती होईपर्यंतच. प्रभारी माणसाला रजा नाही, बढती नाही. ही चूक सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांच्या सोयीची होती. पण शलाकाने आता आदेशाची शेवटची ओळ वाचली. तिथे छापलं होतं: 'प्रभारी व्यक्ती आपला प्रभार विहित नमुन्यात अन्य व्यक्तीकडे सोपवू शकेल.'

टोल पडला. ती उत्तरेला पंधरा फूट गेली. पाच उरले.

"घैसासकाका!" ती तिथून ओरडली. "प्रभार हस्तांतरणाचा नमुना आहे का?"

काकांचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदाच उजळला. "नमुना सोळा! आहे तर. आजकाल कोणी मागतच नाही. तीन प्रतींत लागतो हं, आणि तिन्हींवर दोघांच्या सह्या. एकीवर जरी राहिली तरी प्रभार जागचा हलत नाही."

त्यांनी खणातून तीन कागद काढले, झटकले आणि देवस्थळे सरांच्या हाती दिले. सर ते न बघता घेऊन निघाले. वाटेत त्यांनी एका कोपऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, दुसऱ्याकडून बिस्किट घेतलं. ते पोचायच्या आत टोल पडला आणि शलाका ईशान्येकडे गेली. चार उरले.

आता हिशोब असा होता. सरांसारखा मुळातच उदासीन माणूस हवा तसा हिंडतो, पण प्रभार सोडलेला माणूस वळत नाही. शेवटच्या चालीचं तोंड ज्या दिशेला असेल, त्या दिशेने तो सरळ जातो, मध्ये येईल त्याला जाऊन धडकेपर्यंत. आत्ता शलाकाचं तोंड ईशान्येला होतं आणि ईशान्येला भिंत होती. पुढच्या टोलाला ते पूर्वेला होणार होतं, आणि त्या रांगेत, पूर्वेच्या भिंतीत, टेम्पो आत घ्यायचं मोठं दार होतं. ते दिवसभर उघडंच असे. त्याच्या पुढच्या टोलाला तोंड आग्नेयेला, पुन्हा भिंत. म्हणजे अकरा ते अकरा पाच. आधी नाही, नंतर नाही.

देवस्थळे सर दहा अठ्ठावन्नला पोचले. शलाकाने पायावर कागद ठेवून भराभरा तिन्ही प्रती भरल्या आणि आपल्या सह्या केल्या. देणार, शलाका बोरकुटे. घेणार, ही जागा तिने रिकामी ठेवली.

"सही हवीय ना?" सर म्हणाले. "आण इकडे. चहा निवायच्या आत उरकू."

एकतीस वर्षांत या माणसाने कधी घाई केली नव्हती. ती त्याला आत्ता सुचली.

"थांबा, सर."

"थांबायचं काय त्यात? तीन सह्या तर आहेत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या प्रतीवर सही केलीसुद्धा. नंतर दुसऱ्या प्रतीवर.

शलाकाने तिसरी प्रत पाठीमागे लपवली. "सर, तुम्ही... तुम्ही रुजू कधी झालात हो?"

सरांनी पेन हवेत धरलं. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "मी ना? मी त्या वर्षी रुजू झालो बघ, ज्या वर्षी पायाभरणी झाली. दोन गट होते तेव्हा. एक म्हणत होता, दार पूर्वेला हवं. दुसरा म्हणत होता, दक्षिणेला."

"मग?"

"मग दोघांनीही मला विचारलं."

"आणि?"

"मी आजारी रजेवर गेलो," सर म्हणाले, आणि खरोखर मनापासून हसले. "आलो तोवर दार झालेलं होतं. हं, आण ती प्रत."

टोल पडला. शलाका सरांसमोरून निघाली आणि पूर्वेकडे पंधरा फूट जाऊन उभी राहिली. समोर चाळीस फुटांवर दार होतं. दारात ऊन पडलं होतं आणि उन्हात एक कुत्रा अंग चाटत होता. तीन महिन्यांत तिने हे दार दर फेरीला बघितलं होतं आणि दर फेरीला त्याच्याकडे पाठ वळवली होती.

"सर! इकडे या. आता करा सही."

"आत्ता तर नको म्हणालीस."

"आता हो म्हणतेय."

सर निघाले आणि मध्येच थांबले. कप ठेवायला जागा शोधू लागले. एका ज्येष्ठाच्या टेबलावर ठेवला, त्याने नको म्हटलं म्हणून उचलला. अकरा वाजून दोन मिनिटं. मग दुसऱ्या टेबलावर ठेवला. अकरा वाजून तीन. दाराजवळच्या चौथऱ्यावर टोलवाल्याने हातोडा घेतला आणि तो फडक्याने पुसू लागला.

"सर, पाया पडते, लवकर या."

"पाया पडायची काय गरज आहे? मी येतोच आहे."

ते आले. शलाकाने तिसरी प्रत त्यांच्यापुढे धरली. आणि तिला स्वतःचाच राग आला. फसवून सुटायचं तिच्या स्वभावात नव्हतं. आयुष्यात जे काही वाटोळं झालं होतं, ते तोंडावर बोलल्यानेच झालं होतं. तेच तिने पुन्हा केलं.

"सर, एक सांगते. यावर सही केलीत की माझा प्रभार तुमच्याकडे येणार. माझी चिठ्ठी तुमची, माझं वळण तुमचं. आणि तीन टोलांनी भिंतही तुमची. वाचून बघा."

सरांनी कागदावरून नजर बाजूला वळवली. अश्लील काही समोर धरल्यासारखी.

"मी वाचत नाही गं," ते हळू आवाजात म्हणाले. "वाचलं की मत होतं. मत झालं की बाजू घ्यावी लागते."

"सर, तुम्ही भिंतीत जाल!"

"असं एक मत असू शकतं."

टोलवाल्याने हातोडा उचलला. सरांनी सही केली. तारीख घातली, तारखेखाली वेळ घातली, अकरा वाजून चार मिनिटं, आणि टोपण लावून पेन खिशाला अडकवलं.

टोल पडला.

देवस्थळे सरांचे पाय उजवीकडे वळले. त्यांनी आधी पायांकडे पाहिलं, एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग ते आग्नेयेला पंधरा फूट गेले. चहाचं टेबल वाटेत होतं, ते आडवं झालं. थांबल्यावर त्यांनी स्वेटर ओरबाडून काढला आणि जमिनीवर आपटला. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती.

"घैसास!" ते ओरडले. सगळ्या कोपऱ्यांनी माना वर केल्या. हा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. "घैसास, माझ्या चिठ्ठीतले तीन दशांश कुठे गेले? कोणाच्या परवानगीने खाल्लेस? आणि ही फरशी! कोणत्या गाढवाने मंजूर केली ही फरशी?"

"तुम्हीच पोचवली होतीत मंजुरी," काका म्हणाले.

"मग मी गाढव! लिहून घ्या! पण फरशी मोठी आहे! एकतीस वर्षं मोठी आहे!"

शलाका पूर्वेकडे पंधरा फूट गेली होती. उजवीकडे वळली नव्हती. पुढच्या टोलाला आणखी पंधरा. मागे भिंतीतून फिरोज तिला हाका मारत होता. "शलाके! ऐकलंस का? म्हातारा पेटला! आता सगळे मिळून ओरडू, तूही ओरड! थांब ना!"

तिला ऐकू येत होतं. फिरोजचं म्हणणं बरोबर होतं, असं एक मत असू शकत होतं. बरगड्यांच्या खाली, जिथे तिसऱ्या वर्षापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, काहीतरी सतत कढत असायचं, तिथे तिने हात ठेवून पाहिला. हाताला काही लागलं नाही. उलट तिला हवेत जरा गारठा वाटला.

सव्वाअकराच्या टोलाला ती दारातून बाहेर पडली. त्याच टोलाला मागे, दक्षिणेच्या भिंतीशी, कोणीतरी ओरडता ओरडता, वाक्याच्या मध्येच, भिंतीत गेलं. कुत्रा उठून बाजूला झाला.

फाटकावरच्या राखणदाराने वही पुढे ओढली. आतून माणूस बाहेर येताना त्याने पाहिलेला नव्हता, पण वहीत त्यासाठी रकाना होता.

"नाव?"

"शलाका बोरकुटे."

"रागावून चाललात का, ताई?"

"नाही."

"घरी?"

"नाही माहीत."

"मग कारण काय घालू?"

शलाका त्याच्या टेबलासमोरून पुढे निघून गेली होती. राखणदाराने कारणाच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली, वेळ लिहिली, आणि उन्हाला हात आडवा धरून तिच्याकडे बघत बसला.

केंद्राचा रस्ता पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळतो. ती वळली नाही.